सॉफ्टवेअर रेडवरचं लिनक्स बूट होत नाही: घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

रेड-१ (तोच डेटा दोन डिस्कवर ठेवण्याची सोय) लावलं की एक डिस्क गेली तरी मशीन चालत राहतं. यात चुकीचं काही नाही, फक्त ते चालू मशीनपुरतं खरं आहे. तेच मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की काळा पडदा, 'ग्रब रेस्क्यू' किंवा '(इनिट्रॅमएफएस)' असा प्रॉम्प्ट. दोन्ही डिस्कवर डेटा जसाच्या तसा असतो आणि सिस्टिम मात्र उठत नाही. खटपट करून एकदा सुरू होते, पुढच्या रीबूटला ये रे माझ्या मागल्या.

कारण साधं आहे. बूट व्हायला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी रेडने जोडलेल्या डिस्कच्या गटाच्या, म्हणजे अ‍ॅरेच्या बाहेर असतात. एमबीआरमधला (डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला) बूट कोड, जीपीटीवरचं (नव्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यावरचं) बायोस-बूट पार्टिशन, ईएसपी (यूईएफआयचं बूट पार्टिशन), फर्मवेअरच्या स्मृतीतली बूट नोंद, यांपैकी काहीही सिंक होताना दुसऱ्या डिस्कवर जात नाही. इनिट्रॅमएफएसची (रूट माउंट होईपर्यंत कर्नल वापरतो त्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमची) फाइल अ‍ॅरेवर असते खरी, पण तिच्या आतली एमडीअ‍ॅडम.कॉन्फ (सॉफ्टवेअर रेड सांभाळणाऱ्या साधनाची सेटिंगची फाइल) ही ती फाइल बनवली त्या दिवशीची नक्कल असते. बाहेरची प्रत कितीही सुधारली तरी ती बदलत नाही. पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा यांतल्याच एखाद्या गोष्टीत सापडतं.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

आधी पडदा वाचा

बूटचे टप्पे चार: फर्मवेअर (बायोस किंवा यूईएफआय), ग्रब (कर्नल चढवणारा बूटलोडर), इनिट्रॅमएफएस आणि मग सिस्टिमडी (बाकीची सिस्टिम सुरू करणारा). कुठल्या टप्प्यावर गाडी अडली ते पडदाच सांगतो.

'नो बूटेबल डिव्हाइस' दिसलं, किंवा फर्मवेअरचा सेटअप आपोआप उघडला, तर ग्रबपर्यंत पोचलोच नाही. 'ग्रब रेस्क्यू>' दिसलं तर ग्रबचा गाभा चालू झाला, पण त्याला स्वतःची मॉड्यूलं सापडली नाहीत. 'गेव्ह अप वेटिंग फॉर रूट', 'अलर्ट! यूयूआयडी=… डझ नॉट एक्झिस्ट' किंवा ड्रॅकटची (फेडोरा-रेड हॅटमध्ये इनिट्रॅमएफएस बनवणाऱ्या साधनाची) 'इनिटक्यू टाइमआउट' ही ओळ आली तर ग्रबचं काम संपलेलं आहे, कर्नलही चढला आहे, अडलं आहे ते अ‍ॅरे जोडताना. आणि 'यू आर इन इमर्जन्सी मोड' दिसलं तर रूट माउंट झालेलं आहे, एफएसटॅबमधलं (काय कुठे माउंट करायचं त्या यादीतलं) दुसरंच काहीतरी मिळत नाहीये.

हे न बघता ग्रब-इन्स्टॉल चालवत सुटणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इनिट्रॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर अडलेल्या मशीनला ग्रब पुन्हा बसवून काडीचा उपयोग नाही.

ग्रब रेस्क्यू

इथे मोजक्याच कमांड चालतात. पहिली 'एलएस'. यादीत (एचडी०), (एचडी१) यांच्या जोडीला (एमडी/०) असं काही दिसलं (एमडी म्हणजे लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड), तर ग्रबला अ‍ॅरे कळला आहे, फक्त मॉड्यूलांची जागा चुकली आहे. मग:

सेट प्रीफिक्स=(एमडी/०)/बूट/ग्रब
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

/बूटसाठी वेगळा अ‍ॅरे असेल तर मार्ग /बूट/ग्रब नसून नुसता /ग्रब होतो. या घाईत हमखास चुकणारी गोष्ट हीच. मेनू आला की सिस्टिम सुरू करा आणि लगेच दोन्ही डिस्कवर ग्रब बसवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा इथेच याल.

यादीत एमडी अजिबात दिसत नसेल तर दोन शक्यता. एक, गाभ्यात एमडीरेड१एक्स हे मॉड्यूल नाही. /बूट अ‍ॅरेवर असताना ग्रब-इन्स्टॉल ते आपण होऊन घालतं, पण आधी साध्या डिस्कवर बसवलेली सिस्टिम नंतर अ‍ॅरेवर हलवली आणि ग्रब पुन्हा बसवलंच नाही, तर ते राहून जातं. दोन, बायोस ग्रबला सगळ्या डिस्क दाखवतच नाही. जास्तीच्या कंट्रोलर कार्डवरच्या डिस्क काही बायोसना बूटच्या वेळी दिसत नाहीत. रेड-१ एका डिस्कवर भागवून नेतं. रेड-५ (फक्त एक डिस्क गेली तर तग धरणारा प्रकार) मधल्या दोन डिस्क दिसल्या नाहीत तर ग्रबच्या हातात काही उरत नाही. म्हणून रूट रेड-५ किंवा रेड-६ वर असलं तरी /बूट सगळ्या डिस्कवर पसरलेल्या छोट्या रेड-१ वर ठेवावं. एक जीबी पुरतं.

आणखी एक फसवा प्रकार. सिस्टिम वर्षभर नीट चालते, कर्नल अपडेट होतो आणि 'अटेम्प्ट टू रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क' असं येतं. जुना कर्नल निवडला तर पुन्हा चालते. काही जुने बायोस डिस्कच्या पहिल्या २ टीआयबी पलीकडे वाचू शकत नाहीत. मोठ्या रूट पार्टिशनवर नव्या कर्नलची फाइल त्या सीमेपलीकडे पडली की ग्रब थांबतं. पुढच्या अपडेटला फाइल अलीकडे पडली तर सगळं आपोआप 'दुरुस्त' होतं, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षात येत नाही. यावरही उपाय तोच: डिस्कच्या सुरुवातीला वेगळं /बूट.

'सिंबल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' हा संदेश २०२० च्या जुलैमध्ये, बूटहोल या त्रुटीचं अपडेट आलं तेव्हा, पुष्कळांना दिसला. /बूट/ग्रबमधली मॉड्यूलं नवी झाली आणि ज्या डिस्कवरून मशीन उठतं तिच्यावरचा गाभा जुनाच राहिला. शब्द बदलले तरी रोग आजही तोच आहे. डेबियन कुळात ग्रब-पीसी पॅकेज 'कुठल्या डिस्कवर बसवायचं' ती यादी स्वतःकडे जपून ठेवतं. डिस्क बदलली की यादीत जुन्या, कधीच काढून टाकलेल्या डिस्कचं नाव राहतं आणि नवीचं येत नाही. डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी चालवून दोन्ही डिस्कवर खूण करा. पार्टिशनवर नाही, पूर्ण डिस्कवर.

'डिस्कफिल्टर राइट्स आर नॉट सपोर्टेड' हे मात्र घाबरण्यासारखं नाही. ग्रब अ‍ॅरे वाचू शकतं, त्यावर लिहू शकत नाही, आणि मेनूतली शेवटची निवड लक्षात ठेवायला ते ग्रबएन्व्ह फाइलमध्ये लिहू पाहतं. कळ दाबली की पुढे जातं. अर्थात /बूट अ‍ॅरेवर असेल तर ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड या सेटिंगवर विसंबून राहू नका.

इनिट्रॅमएफएस: बहुतेक जण अडकतात ते इथे

प्रॉम्प्ट आला की पहिलं काम:

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

'पर्सनॅलिटीज' ही पहिली ओळ रिकामी असेल तर रेडचं मॉड्यूल चढलेलं नाही. मॉडप्रोब रेड१ करून बघा (रेड-५ आणि ६ साठी रेड४५६). मॉड्यूल सापडत नाही असं म्हणालं तर ते इनिट्रॅमएफएसमध्ये गेलेलंच नाही. रीबूट करून ग्रबमधून आधीचा कर्नल निवडा, त्याची इनिट्रॅमएफएस बहुधा धड असते.

ओळ भरलेली आहे, पण अ‍ॅरेचं नाव नाही? मग /डेव्हमध्ये डिस्क दिसतात का ते बघा. एसडीए, एसडीबी किंवा एनव्हीएमई यांपैकी काहीच नसेल तर प्रश्न रेडचा नाही, कंट्रोलरचा आहे. मदरबोर्डची सीमॉस बॅटरी संपली आणि सेटिंग मूळपदावर गेल्या की साटाचा मोड एएचसीआयवरून 'रेड'वर उडी मारतो, आणि काही मशीनवर लिनक्सला डिस्क दिसेनाशा होतात. तो 'रेड' मदरबोर्डचा, आपल्या एमडीचा त्याच्याशी संबंध नाही. परत एएचसीआय करा. डिस्क दिसतात पण उशिरा, असं असेल तर कर्नलच्या ओळीत रूटडिले=३० घालून पाहा.

सगळ्यात जास्त दिसतं ते असं:

एमडी१२७ : इनअ‍ॅक्टिव्ह एसडीए२[०](एस)

कंसातला एस पाहून 'माझी डिस्क स्पेअर कशी झाली' म्हणून लोक हादरतात. थांबलेल्या अ‍ॅरेत प्रत्येक सभासदापुढे एस लागतो, त्याला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो 'इनअ‍ॅक्टिव्ह'ला. एक डिस्क आली, दुसरीची वाट बघत अ‍ॅरे थांबला.

तो का थांबतो हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बूटच्या वेळी जशी जशी डिस्क दिसेल तसं यूडेव्ह (नवी डिव्हाइस ओळखणारा सिस्टिमचा भाग) तिला एमडीअ‍ॅडम --इन्क्रिमेंटलकडे देतं. सुपरब्लॉकमध्ये (प्रत्येक सभासद डिस्कवर असलेल्या रेडच्या नोंदीत) जेवढे सभासद हजर म्हणून लिहिलेत तेवढे आले की अ‍ॅरे सुरू होतो. मशीन चालू असताना डिस्क मेली तर कर्नल उरलेल्या डिस्कच्या सुपरब्लॉकवर 'ती गेली' असं लिहून ठेवतो, आणि पुढच्या बूटला अ‍ॅरे एकट्या डिस्कवर मुकाट सुरू होतो. पण मशीन बंद असताना डिस्क मेली, केबल निसटली किंवा कुणी ती काढून घेतली, तर उरलेल्या डिस्कला हे माहीतच नसतं. तिच्या नोंदीत दोघीही धडधाकट आहेत, म्हणून ती वाट बघते. सिस्टिमडी असलेल्या वितरणांत 'एमडीअ‍ॅडम-लास्ट-रिसॉर्ट' हा टायमर ३० सेकंदांनी अर्धवट अ‍ॅरे सुरू करतो. ड्रॅकट आणि डेबियनच्या स्क्रिप्टही थोडं थांबून तसा प्रयत्न करतात. त्यामुळे प्रॉम्प्ट यायच्या आधी मशीन दोन-तीन मिनिटं गप्प बसलं तर रीसेटच्या बटनाकडे हात नेऊ नका. जुन्या उबुंटूत मात्र हे आपोआप होत नसे, कर्नलच्या ओळीत बूटडिग्रेडेड=ट्रू लिहावं लागे.

हाताने सुरू करण्याआधी प्रत्येक सभासदाची नोंद वाचा:

एमडीअ‍ॅडम --एक्झामिन /डेव्ह/एसडीए२
एमडीअ‍ॅडम --एक्झामिन /डेव्ह/एसडीबी२

यातल्या तीन ओळी महत्त्वाच्या: 'अपडेट टाइम', 'इव्हेंट्स' आणि 'अ‍ॅरे स्टेट'. इव्हेंट्सचा आकडा दोन्हीकडे सारखा असेल तर दोन्ही डिस्क ताज्या आहेत. एकीचा मागे असेल तर ती शिळी. 'अ‍ॅरे स्टेट'मध्ये ताजी डिस्क 'ए.' म्हणते आणि शिळी अजून 'एए' म्हणत असते, कारण आपल्याला बाहेर काढलं हे तिला कुणी कळवलेलंच नाही. शिळ्या डिस्कवरून सिस्टिम उठली तर ती उठते, फायली मात्र महिन्याभरापूर्वीच्या दिसतात. असं दिसलं तर त्याच क्षणी मशीन बंद करा. त्यावर काम करत राहिलात तर दोन्ही अर्ध्यांवर वेगवेगळा नवा डेटा साचतो आणि मग तो जुळवून देणारं कुणी नसतं.

कुठली ताजी ते ठरलं की:

एमडीअ‍ॅडम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७
एमडीअ‍ॅडम --असेंबल --रन /डेव्ह/एमडी० /डेव्ह/एसडीए२

पहिली ओळ गाळली तर दुसरीला 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर मिळतं, कारण अर्धवट एमडी१२७ डिस्क धरून बसलेला असतो. वर एलव्हीएम (लवचीक विभाग पाडणारी सोय) असेल तर एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय, लक्स (डिस्कचं एन्क्रिप्शन) असेल तर आधी क्रिप्टसेटअप. मग 'एक्झिट'. सिस्टिम पुढे सरकते.

रेड-५ मध्ये एकदम दोन डिस्क बाहेर पडल्या असतील (बहुतेकदा एकाच पॉवर केबलवरच्या) आणि इव्हेंट्समध्ये थोडाच फरक असेल, तर --असेंबलला --फोर्सची जोड देता येते. डेटा मोलाचा असेल तर त्याआधी प्रत्येक डिस्कची डीडीरेस्क्यूने प्रत काढा आणि प्रयोग प्रतीवर करा.

एक कमांड अशा वेळी अजिबात चालवायची नाही: --क्रिएट. 'तोच अ‍ॅरे पुन्हा बनवला की जुना डेटा दिसतो' हा सल्ला सर्रास फिरतो. त्यासाठी सुपरब्लॉकची आवृत्ती, डेटा ऑफसेट, चंकचा आकार आणि डिस्कचा क्रम तंतोतंत जुळावा लागतो. नव्या एमडीअ‍ॅडमचा डेटा ऑफसेट जुन्यापेक्षा वेगळा निघतो, आणि सिंक सुरू झालं की चुकीचा हिशेब डेटावर लिहिला जातो.

यूयूआयडी तीन आहेत

प्रत्येक अ‍ॅरेभोवती तीन वेगळे यूयूआयडी (ओळखक्रमांक) फिरतात. अ‍ॅरेचा यूयूआयडी, कोलनने तोडलेल्या चार गटांत: तो एमडीअ‍ॅडम --डिटेल दाखवतं, आणि तोच एमडीअ‍ॅडम.कॉन्फमध्ये आणि ड्रॅकटच्या आरडी.एमडी.यूयूआयडी= मध्ये जातो. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी: एमडी० वर बीएलकेआयडी चालवलं की मिळतो, आणि एफएसटॅबमध्ये व कर्नलच्या रूट= मध्ये हा लागतो. तिसरा पार्टिशनचा, त्याचं इथे काम नाही.

घोळ असा होतो की एसडीए२ वर बीएलकेआयडी चालवलं तरी एक यूयूआयडी मिळतो. तो असतो अ‍ॅरेचाच, फक्त डॅशच्या रूपात लिहिलेला. लोक तोच उचलून एफएसटॅबमध्ये चिकटवतात. शेजारी प्रकार 'लिनक्स_रेड_मेंबर' असा छापलेला असतो. तो दिसला की समजावं, ही ओळ एफएसटॅबसाठी नाही.

सुपरब्लॉकच्या आवृत्तीचाही इथे संबंध येतो. १.२ मध्ये तो पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो, त्यामुळे एकटं पार्टिशन फाइलसिस्टिम म्हणून ओळखलंच जात नाही. ०.९० आणि १.० मध्ये तो शेवटाला असतो, म्हणून रेड-१ चा एकेक सभासद साध्या पार्टिशनसारखाही माउंट होतो. सोयीचं वाटतं, पण एकदा का एक सभासद लिहिण्यासाठी माउंट झाला की दोन बाजू वेगळ्या झाल्या आणि एमडीला त्याचा पत्ता नाही. शिवाय पार्टिशनचा प्रकार 'एफडी' ठेवला की कर्नल स्वतः अ‍ॅरे जोडतो, हे फक्त ०.९० पुरतं खरं आहे. १.२ साठी इनिट्रॅमएफएसमध्ये एमडीअ‍ॅडम असावंच लागतं.

एमडी० चा एमडी१२७ का होतो, याचं उत्तर इथेच येतं. कॉन्फमध्ये अ‍ॅरेची ओळ नसेल, किंवा सुपरब्लॉकमधलं होस्टचं नाव आताच्या मशीनशी जुळत नसेल, तर एमडीअ‍ॅडम त्या अ‍ॅरेला परका समजतं आणि वरचे आकडे वापरतं. एफएसटॅबमध्ये /डेव्ह/एमडी० लिहिलेलं असेल तर बूट अडतं. फाइलसिस्टिमचा यूयूआयडी वापरला की नाव काहीही असो, फरक पडत नाही.

कायमची दुरुस्ती

इनिट्रॅमएफएसच्या प्रॉम्प्टवरून सिस्टिम उठली असेल तर पुढचं सगळं तिच्यातूनच करता येतं. नसेल तर लाइव्ह यूएसबी. मशीन यूईएफआयचं असेल तर यूएसबीही यूईएफआय मोडमध्येच बूट करा. /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर दिसलं तर मोड बरोबर आहे. लाइव्हमध्ये एमडीअ‍ॅडम नसेल तर बसवा आणि:

एमडीअ‍ॅडम --असेंबल --स्कॅन
माउंट /डेव्ह/एमडी१२७ /एमएनटी

मग /बूट वेगळं असेल तर ते /एमएनटी/बूटवर, ईएसपी /एमएनटी/बूट/ईएफआयवर, आणि डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे चार --आरबाइंडने. त्यानंतर सीएचरूट /एमएनटी, म्हणजे पुढच्या कमांड तुमच्या सिस्टिमच्या आतून चालतात.

वेगळं /बूट माउंट करायला विसरलात तर सगळ्या कमांड बिनतक्रार चालतात आणि नवी इनिट्रॅमएफएस रूटमधल्या रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये पडते. रीबूटला खरं /बूट त्यावर माउंट होतं आणि जुनीच फाइल वापरली जाते. 'सगळं केलं तरी फरक नाही' या तक्रारीमागे हे फार वेळा निघतं. /बूट भरलेलं असणं हे दुसरं कारण. डीएफ -एच बघून, जागा नसेल तर जुने कर्नल आधी काढा.

आत गेल्यावर अ‍ॅरेची ओळ मिळवा: एमडीअ‍ॅडम --डिटेल --स्कॅन. ती डोळे झाकून कॉन्फच्या शेवटी ढकलू नका. जुनी ओळ आधी काढा, नाव /डेव्ह/एमडी० असं दुरुस्त करा, आणि शेवटी 'स्पेअर्स=१' आलं असेल तर तेही पुसा. रीबिल्ड चालू असताना स्कॅन केलं की भरली जाणारी डिस्क स्पेअर म्हणून मोजली जाते, आणि मग पुढे 'स्पेअर्समिसिंग'च्या मेल येत राहतात. कॉन्फ डेबियन-उबुंटूत /ईटीसी/एमडीअ‍ॅडम/ या फोल्डरमध्ये असते, रेड हॅट कुळात थेट /ईटीसीमध्ये.

मग इनिट्रॅमएफएस नव्याने:

डेबियन, उबुंटू: अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल
फेडोरा, रेड हॅट: ड्रॅकट --रीजनरेट-ऑल --फोर्स
आर्च: हुक्सच्या ओळीत 'एमडीअ‍ॅडम_यूडेव्ह' हे 'फाइलसिस्टिम्स'च्या आधी, मग एमकेइनिटसीपीआयओ -पी (पी मोठा)

'ऑल' मुद्दाम आहे. सीएचरूटमध्ये यूनेम -आर लाइव्ह यूएसबीच्या कर्नलची आवृत्ती सांगतं, तुमच्या सिस्टिमची नाही. त्यावर भिस्त ठेवली तर भलतीच फाइल बनते. शेवटी एलएसइनिट्रॅमएफएसने (ड्रॅकटमध्ये एलएसइनिटआरडी) फाइलच्या आत एमडीअ‍ॅडम आणि रेड१ आहेत का ते पाहा. ड्रॅकटवाल्यांनी ग्रबच्या ओळीतला आरडी.एमडी.यूयूआयडी= नव्या अ‍ॅरेचाच आहे ना, तेही तपासा. तिथे जुना राहिला तर ड्रॅकट फक्त त्या जुन्यालाच शोधत बसतं.

डिस्क बदलल्यावर राहून जाणारं

नवी डिस्क लावली, --अ‍ॅड केलं, एमडीस्टॅटमध्ये [यूयू] (दोन्ही डिस्क चालू) आलं, की काम संपलं असं वाटतं. अ‍ॅरेपुरतं संपलंही. पण नव्या डिस्कवर बूटची कुठलीच सामग्री नाही. सहा महिन्यांनी जुनी डिस्क जाते आणि तेव्हा ते कळतं.

जीपीटीचा आराखडा नव्या डिस्कवर उतरवताना एसजीडिस्कचा क्रम उलटा वाटतो:

एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीबी /डेव्ह/एसडीए

आर मोठा, आणि त्याला लागून येते ती नवी डिस्क. शेवटची ती मूळ. अदलाबदल झाली तर चांगल्या डिस्कचा आराखडा पुसला जातो. त्यानंतर एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीबी (हाही मोठा), म्हणजे दोन्ही डिस्कचे ओळखक्रमांक वेगळे होतील.

बायोसचं मशीन असेल तर ग्रब-इन्स्टॉल दोन्ही डिस्कवर. जीपीटीवर त्यासाठी १ एमआयबीचं, ईएफ०२ प्रकारचं बायोस-बूट पार्टिशन लागतं. ते कुठल्याही अ‍ॅरेत घालायचं नाही आणि फॉरमॅटही करायचं नाही. फार जुन्या डिस्कवर पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू होतं. तिथे ग्रबला ३१ केबी एवढीच जागा मिळते, आणि रेडसोबत एलव्हीएमची मॉड्यूलं आली की गाभा मावत नाही. पार्टिशन २०४८व्या सेक्टरवर नेल्याशिवाय गत्यंतर नाही.

यूईएफआयमध्ये ईएसपी प्रत्येक डिस्कवर वेगळं. १.० सुपरब्लॉकचा रेड-१ करून त्यावर ईएसपी ठेवण्याची युक्ती चालते, कारण फर्मवेअरला ते साधं फॅट पार्टिशन दिसतं. पण फर्मवेअरने किंवा दुसऱ्या ओएसने त्यातल्या एकावरच काही लिहिलं की दोन प्रती बिनसतात. दोन स्वतंत्र ईएसपी आणि अपडेटनंतर एकातून दुसऱ्यात प्रत, हा मार्ग जास्त सरळ. उबुंटू २०.०४ पासून ग्रबचं पॅकेज एकाहून जास्त ईएसपी विचारतं, तिथे दोन्हींवर खूण केली की हातकाम वाचतं. इतरत्र फायली उतरवल्यावर दुसऱ्या डिस्कची बूट नोंद ईएफआयबूटएमजीआरने बनवा. काही फर्मवेअर अशा नोंदी विसरतात. म्हणून ग्रबची एक प्रत \ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय या ठरलेल्या जागीही ठेवा. ग्रब-इन्स्टॉल --रिमूव्हेबल तेच करतं.

शेवटचा अडथळा एफएसटॅबचा. /बूट/ईएफआयच्या ओळीत पहिल्या डिस्कच्या ईएसपीचा यूयूआयडी असतो. ती डिस्क गेली की अ‍ॅरे उठतो, रूट माउंट होतं, सिस्टिमडी ९० सेकंद त्या ईएसपीची वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतो. त्या ओळीत 'नोफेल' घाला. स्वॅप अ‍ॅरेबाहेर असेल तर त्याच्या ओळीतही.

डिस्क चांगली, तरी दर काही दिवसांनी बाहेर

स्मार्टमध्ये (डिस्कने स्वतः ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदीत) काही दिसत नाही आणि डिस्क मात्र अ‍ॅरेतून वारंवार गळते. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला एकेकदा दोन मिनिटांहून जास्त घेतात. कर्नल ३० सेकंदांनी वैतागतो, डिस्क रीसेट करतो, आणि एमडी तिला बाद ठरवतो. स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीए या कमांडने डिस्कला ७ सेकंदांची मर्यादा घाला. बहुतेक डिस्क वीज गेली की ती विसरतात, म्हणून यूडेव्हच्या नियमात किंवा बूटच्या स्क्रिप्टमध्येच ठेवा. डिस्क ही सोय देत नसेल तर उलट करा: /सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/टाइमआउटमध्ये १८० लिहा. स्मार्टमधला १९९ क्रमांकाचा (केबलवरच्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर आधी साटा केबल बदला.

पार्टिशन न करता पूर्ण डिस्कच अ‍ॅरेत घातली असेल तर आणखी एक धोका आहे. काही मदरबोर्डांचं फर्मवेअर 'बिघडलेली जीपीटी' दुरुस्त करायच्या नादात डिस्कच्या सुरुवातीला लिहितं आणि सुपरब्लॉकच पुसतं. पार्टिशन करून घेतलं की हा प्रश्न येत नाही.

तपासणी

मशीन पूर्ण बंद करा, पहिली डिस्क काढा, सुरू करा. एमडीस्टॅटमध्ये [_यू] दिसायला हवं. बंद करून डिस्क परत लावा, सुरू करा आणि प्रत्येक अ‍ॅरेला --री-अ‍ॅड करा. राइट-इंटेंट बिटमॅप असेल तर फक्त बदललेले भाग उतरतात आणि काम काही सेकंदांत होतं, नसेल तर अख्खी डिस्क भरली जाते. [यूयू] आल्याशिवाय दुसरी डिस्क काढू नका. आधी फक्त एकीवर, मग फक्त दुसरीवर असं बूट केलं तर दोघीही स्वतःला ताजी समजतात आणि कुठली ठेवायची ते तुम्हालाच ठरवावं लागतं. दुसऱ्या फेरीला दुसरी डिस्क काढून तेच सगळं पुन्हा.

डिस्क गेल्याचं रीबूटआधीच कळावं म्हणून कॉन्फमध्ये मेलअ‍ॅड्रच्या ओळीत पत्ता घाला आणि एमडीअ‍ॅडम --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट चालवा. प्रत्येक अ‍ॅरेमागे एक चाचणी मेल यायला हवी. आली नाही तर आधी मेलची व्यवस्था बघा.